उजवीकडचा मागचा दिवा

४ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. पाय प्लास्टरमध्ये असताना तू शिडीवर चढला नसशील अशी आशा आहे, खात्री नाही.

मोटारीच्या उजव्या इंडिकेटरने डोकं उठवलंय. डावीकडचे दोन्ही दिवे छान लुकलुकतात. उजवीकडे मागचा मेलाय आणि पुढचा नुसता जळत राहतो. बल्ब बदलला, फ्यूज बदलला, ढिम्म! महिनाअखेरीला तपासणी आहे. नापास झाली तर आमचे चिरंजीव तिला भंगारात काढणार. बाबा गेले, आता आईने या वयात जुनी गाडी कशाला चालवायची, असं त्यांचं म्हणणं. या वयात म्हणे! तुझ्या भाऊजींनी आजारपणात उजवी बाजू स्वतः रंगवली आणि डावीला हात लागायच्या आत गेले. अर्धी नवी, अर्धी जुनी, आहे तशी मी ती चालवणार. काय करायचं ते लिही, आणि मला समजेल असं लिही.

तुझी ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. शिडीवर नाही, स्टुलावर चढलो होतो. बायको ओरडली तेवढं पुरे.

डावी बाजू चालते, म्हणजे दिवे लुकलुकवणारा फ्लॅशर ठीक आहे. मागचा मेलाय म्हणूनच पुढचा लुकलुकत नाही. आता उजवा इंडिकेटर चालू ठेवून एक लांब वायर घे. एक टोक मेलेल्या दिव्याच्या होल्डरला लाव, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवा लागला तर चोर सापडला. करंट बल्बमधून गाडीच्या पत्र्यावर उतरतो आणि पत्र्यातूनच बॅटरीकडे परततो. मध्ये रंग आला की वाट बंद. दुसरा कुणीही ती जागा कोरी सोडतो, पण भाऊजींनी दिवा काढून त्याच्याखालीही रंग मारला असणार. त्यांना कोपरा सोडणं कधी जमलंच नाही. तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत कर.

तुझा हात धजावणार नाही, माहीत आहे. मग तीच वायर कायमची जोडून टाक, काम भागेल. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा बाळ्या

२६ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. वायर लावली आणि दिवा लुकलुकायला लागला. गॅरेजमध्ये एकटीच ओरडले.

मग दिवा उघडला. अरे, काय रंग दिला होता आत! जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे एकावर एक तीन हात, आणि ब्रशचा एक केस चिकटलेला. मी रडले, खोटं कशाला सांगू. वायर मात्र जोडली नाही. त्यांनी मोटार रस्त्यावर धावावी म्हणून रंगवली होती, मी बघत बसावं म्हणून नव्हे. पॉलिश पेपर घेतला आणि घासत सुटले. पत्रा दिसेपर्यंत थांबले नाही.

काल तपासणी झाली, गाडी पास! चिरंजीव सोबत आले होते. येताना मी चालवत होते आणि ते शेजारी बसले.

रविवारी तुझ्याकडे येते आहे, एकटी. तुमच्या गल्लीत शिरायला उजवीकडेच वळावं लागतं. खिडकीत बस आणि बघ.

लोभ काय पत्रातून पाठवायचा, घेऊनच येते.

तुझी ताई