नदीमच्या यानातली अम्मी

गुरुवार, १२ मार्च २००९
दुबई सिलिकॉन ओएसिस

आज नदीमला माझी विज्ञानकथा वाचायला दिली. मी बाई असून मला बायका आवडतात हे ऑफिसात फक्त त्यालाच माहीत आहे, आणि त्याला पुरुष आवडतात हे फक्त मला. कथेत मंगळावर दोन बायका संसार करतात, कुणालाच त्याचं काही वाटत नाही. म्हटलं, खूश होईल.

वाचून म्हणाला, "छान आहे. पण ह्या दोघींच्या आया कुठे आहेत?"

"पृथ्वीवर. म्हणून तर ह्या दोघी सुखात आहेत!"

तो हसला नाही. "ते तुझं सुख. मी मंगळावर निघालो, तर माझ्या यानात अम्मी हवी. तिला सगळं ठाऊक असावं, आणि तरी तिने मला नि माझ्या जोडीदाराला जेवायला वाढावं."

इतकी वर्षं मी आमचं स्वप्न एकच धरून चालले होते. का बरं?

त्याची नोकरी गेलीय. पुढच्या आठवड्यात तो रत्नागिरीला परततोय. "मग अम्मीला सांगणार?" मी विचारलं.

"इन्शाल्ला." मग हळूच म्हणाला, "आधी तू कथेत सांगून बघ ना. ती काय म्हणते ते मला कळव."

आत्ता लिहायला बसलेय. कथेतला मुलगा सगळं बोलून मोकळा झालाय. अम्मी त्याच्याकडे बघतेय. काय म्हणेल ती? मला खरंच ठाऊक नाही.