अर्जंटचा हिरवा ब्लाउज

सानपाडा, बुधवार, १९९६

नुसत्या फॉल-पिकोवर भागत नाही, म्हणून सकाळी पाटी लावली. अर्जंट ब्लाउज तासाभरात, शिलाई दुप्पट.

पहिले आले समोरच्या बिल्डिंगमधले काका. हिरवं कापड आणि मापाला काकूंचा जुना ब्लाउज. घासाघीस नाही, मला बरंच वाटलं. देताना मी नेहमीसारखी बोलले, "आत कापड सोडलंय काका. पुढे काकूंचं अंग भरलं तर उसवून देईन."

"बरं," म्हणाले.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून काकूंना आणलं. हिरवी साडी नेसवली, अंगात माझा ब्लाउज, आणि खांद्यावरून नेलं.

'बरं' का म्हणाले ते?

पाटी काढू? मग भाडं कुठून देऊ?

मापाचा ब्लाउज खुंटीलाच राहिलाय. परत द्यायला गेले तर पुन्हा 'बरं' म्हणतील, त्याचीच भीती वाटते.