पंपाचे सील

॥ श्रीगजानन कृपा करो ॥

वडाची वाडी, सिद्धगडपायथा, ता. मुरबाड
मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १९२५

चिरंजीव मनोज जगन विशे, मुक्काम आटगाव, यास चुलते काळूराम चांगो विशे यांचे अनेक आशीर्वाद.

ज्याच्या कृपेवाचून जिभेला शब्द आणि चाकाला गती लाभत नाही, त्या मंगलमूर्तीस प्रथम वंदन करून मग तुझ्या विषयाकडे वळतो. येथे सर्व क्षेम आहे. भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला. तुझ्या मोठ्या आईचा गुडघा थंडीने धरला आहे, तरी तिचे तोंड पूर्ववत चालू आहे.

तुझे पत्र आणि सोबतची वॉरंटीची पुस्तिका पोहोचली. म्हशाच्या जत्रेआधी जीपची ताकद वाढवायची आहे, वॉरंटी न जाता काय काय बसवता येईल ते मोठ्या बाबांनी पुस्तिका वाचून सांगावे, नियमांचा अर्थ त्यांच्याइतका कोणाला लागत नाही, असे तू लिहितोस. ही स्तुती वाचून मला संतोष झाला नाही. मी सावध झालो.

पुस्तिकेचा हिंदी भाग मी बारकाईने वाचला. आरंभीची पाने अर्थवादाची आहेत, म्हणजे निव्वळ प्रशंसा. तिने कोणी बांधला जात नाही. पुढे विधी येतात: तेल वेळेवर बदलावे, वाहन कंपनीच्याच कार्यशाळेत दाखवावे. आणि शेवटी बारीक अक्षरांत निषेध. खरे शास्त्र तेथेच आहे. शहापूरच्या शाम मिस्त्रीने तुला जी कामे सुचवली, ती मी त्या निषेधांपुढे ठेवून पाहिली. डिझेलच्या पंपाला शिशाचे सील आहे. ते तोडून पंप 'वाढवला', म्हणजे डिझेल जास्त सोडले, की इंजिनाची हमी त्याच क्षणी संपली. सायलेन्सर कापून मोकळा करणे निषिद्ध. मोठे दिवे व हॉर्न यांसाठी मूळ वायर कापून जोड देणे निषिद्ध. टायर बदलावेत, परंतु कंपनीने सांगितलेल्या मापाचेच. हवेचा फिल्टर नवा घालावा, परंतु कंपनीचाच. एवढे स्पष्ट आहे.

जे स्पष्ट नाही ते आता विचारतो. भरल्या गाडीला सावरखिंडीची चढण झेपत नाही, 'गाडीला श्वास लागतो' आणि उतारू दुसऱ्या जीपकडे जातात, असे तू लिहितोस. गाडीला अजून वर्षही झालेले नाही. नव्या गाडीत असा दोष असेल तर तो कंपनीने विनामूल्य दूर करावयाचा, हीच तर वॉरंटी. मग तू गाडी कल्याणच्या कार्यशाळेत न नेता मिस्त्रीच्या दारात का उभी करतोस? कंपनीच्या माणसाने बॉनेट उघडू नये असे तुला का वाटते? या प्रश्नाचे उत्तर तुझ्या पत्रात कोठेही नाही, आणि ते नाही म्हणूनच मला झोप नाही.

नव्या गाडीच्या पूजेच्या दिवशी मी इतक्या वर्षांनी तुमच्या अंगणात पाऊल टाकले. पूजेतील जे ठेवावयाचे ते मी माझ्या हाताने योग्य जागी ठेवले आहे. वर्ष पूर्ण होईतो त्यास तुमच्या घरच्या कोणीही हात लावू नये, हे मी सर्वांसमक्ष बजावले होते. त्याचे स्मरण असावे.

उत्तर पाठव. पूर्ण उत्तर पाठव.

तुझा चुलता,
काळूराम चांगो विशे


॥ श्रीगजानन कृपा करो ॥

वडाची वाडी
पौष शुद्ध पंचमी, शके १९२५

चिरंजीव मनोज यास आशीर्वाद.

तुझे उत्तर आले. त्यात मोठ्या आईच्या गुडघ्याला तेल कोणते लावावे हे आहे, तुझी बहीण रविना हिच्या परीक्षेचे आहे, माझ्या प्रश्नाचे काहीच नाही. म्हणून मी न कळवता आटगावच्या स्टँडवर आलो होतो, हे तू जाणतोसच. मला पाहून तुझा चेहरा उतरला, तेही मी टिपून ठेवले आहे.

सावरखिंडीत जे पाहिले त्याचे वर्णन तुला नको, पण मला लिहिल्यावाचून राहवत नाही. सपाटीवर गाडी नीट धावत होती. चढण लागताच मागून काळा धूर निघाला, गाडी गुरगुरली आणि थांबायला आली. तू मागे वळून सवयीने म्हणालास, "उतरा रे जरा." सगळे सवयीने उतरले. बाईजा म्हातारी डोक्यावरची पाटी सावरत म्हणाली, "भाडा आमी देयाचा, नि डोंगर बी आमीच चडायचा! मनोज, उद्याच्याला आमाला ढकलायला लावशील काय रे?" सगळे हसले. तूही हसलास. तुझे कान मात्र लाल झाले होते.

माथ्यावर मी म्हणालो, "बॉनेट उघड." तू चटकन त्यावर हात ठेवलास. "गरम हाय, मोठे बाबा. पोळंल तुमाला." पाणी पिऊन, विडी ओढून लोक परत गाडीत बसले, तरी तुझा हात तेथेच. गाडी एवढी गरम असती तर तुझा हात पोळला नसता काय?

परतताना मी शहापुरात शाम मिस्त्रीकडे थांबलो. ओळख न देता विचारले, पंप वाढवला तर वॉरंटीचे काय? तो तोंडातली सुपारी गालात सारून म्हणाला, "बाबा, सीलचा टेन्शन नाय घ्यायचा. तोडतो तसा नवीन लावून बी देतो. कंपनीच्या बापाला कळणार नाय." ज्याच्या खिशात नवी सीले आहेत, त्याने आजवर जुनी किती तोडली असतील? आणि त्यात तुझे एक नसेल कशावरून?

मला स्पष्ट लिहू दे. मला संशय आहे की सील तुटलेले आहे, आणि ते माझ्यापासून लपवण्यासाठीच तू मला पुस्तिका वाचावयास दिलीस. पुढे कंपनीने हात झटकले की 'मोठ्या बाबांनीच अर्थ सांगितला होता' असे म्हणता यावे. हे तुझ्या डोक्यातून आले असे मला वाटत नाही. तुमच्या घरात वस्तू अदृश्य करण्याची विद्या जुनी आहे. वाटण्या झाल्या तेव्हा आमच्या देव्हाऱ्यातला शंख कोठे गेला, हे तुझ्या वडिलांना एकदा विचार. तेव्हापासून मी तुमच्याकडे पाणी का घेत नाही, तेही कळेल.

येत्या एकादशीला गाडी घेऊन कल्याणच्या कार्यशाळेत ये. मी तेथे आधीच पोहोचतो. माझ्या डोळ्यांदेखत सील तपासले जाईल. आला नाहीस तर मला उत्तर मिळाले असे समजेन.

चुलता,
काळूराम चांगो विशे


॥ श्रीगजानन कृपा करो ॥

वडाची वाडी
पौष शुद्ध त्रयोदशी, शके १९२५

चिरंजीव जगन यास थोरल्या भावाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

जो अंतःकरणात बसून सर्व पाहतो आणि तरीही कृपा आवरून घेत नाही, त्यास वंदन करून हे पत्र आरंभितो. शेताचे बांध वेगळे झाल्यापासून तुला हे माझे पहिलेच पत्र. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे असे मनोजकडून समजले. म्हणून हे पत्र रविनाने मोठ्याने वाचावे. घरातील सर्वांनी ऐकले तरी माझी हरकत नाही. किंबहुना ऐकावे.

येथे सर्व क्षेम आहे. मोठीच्या गुडघ्याला मनोजने सांगितलेल्या तेलाने उतार आहे. वालाच्या शेंगा धरल्या आहेत, त्या पाठवतो.

एकादशीला मनोज गाडी घेऊन कल्याणला आला. मी आधीपासून फाटकाशी उभा होतो. कार्यशाळेचा मुख्य कारागीर तरुण होता, बोलण्यात चोख. मी त्याला म्हटले, "प्रथम पंपाचे सील पाहा." त्याने बॉनेट उघडले, वाकून पाहिले आणि म्हणाला, "सील एकदम ओके आहे, काका. कोणी हात लावलेला नाही."

मला आनंद व्हावयास हवा होता. जगन, मला आनंद झाला नाही. माझा संशय खोटा ठरला याचे मला वाईट वाटले. माणसाचे मन कोठवर जाते ते पाहा.

मग त्याने हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी हात घातला आणि काहीतरी ओढून काढले. लाल खणाची पोटली होती. काजळीने अर्धी काळी पडलेली. तिची गाठ सैल होऊन खणाचे टोक नळीत ओढले गेले होते. "हे बघा! गाडीचं नाक बंद केलंय कोणी तरी," तो म्हणाला. "सपाटीला चालते, पण चढावर जोर दिला की कपडा आत खेचला जातो. हवाच नाही तर ती चढणार कशी? कोणी कोंबलं हे?"

ती पोटली माझी होती. त्यातील सुपारी, अक्षता, हळकुंड माझ्या हातचे. मी खांद्यावरची शाल सारखी करू लागलो. तेवढ्यात तुझा मुलगा म्हणाला, "मीच ठेवलं, सायेब. चुकून."

आणि मी गप्प राहिलो. शास्त्र वाचलेला, लोकांना पुराण सांगणारा मी, भर कार्यशाळेत, त्या पोराला खोटे बोलू दिले आणि शालीचा पदर चाचपत उभा राहिलो.

कारागीर त्याला चार शब्द बोलला. "नशीब समज, पंप नाही वाढवलास. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं असतं, तर इंजिन भाजून निघालं असतं. आणि सील तुटलेलं असतं, तर आम्ही काहीच करू शकलो नसतो." नळी साफ केली, कंपनीचाच नवा फिल्टर घातला. टायरांत हवा कमी होती ती मापाने भरली. टपावरचा जड लोखंडी सांगाडा पाहून म्हणाला, "हा उतरव. उगाच वजन वाहतोस. बाकी तुझ्या गाडीला काही बसवायची गरज नाही. वॉरंटी तुझी शाबूत आहे."

परत येताना शहापुरात नेहमीचे उतारू बसले. मीही मागच्या बाकावर होतो. सावरखिंड आली. बाईजाने पाटी उचलली आणि दाराशी सरकली. "उतरू का रे?"

"बस गो आजी."

"मंग थांबलास की हाका मारशील, तवा गुडघं दुखतात माजं."

गाडी थांबली नाही. तिसऱ्या वळणावर पोरे ओरडू लागली. माथा आला तरी बाईजाची पाटी मांडीवरच. ती म्हणाली, "आज काय खायाला घातलंस रे हिला?"

"हवा घातली, आजी."

सगळे हसले. मला हसता आले नाही.

वाडीला सर्व उतरल्यावर मी मनोजला विचारले, "पोटली नळीत ओढली जाते हे तुला कधी कळले?"

"पयल्याच महिन्यात, मोठे बाबा."

"मग काढली का नाहीस? दोन बोटे बाजूला केली असतीस तरी झाले असते."

तो चाकाकडे पाहत म्हणाला, "तुमी बजावलं व्हतं ना, घरच्या कोणी हात लावायचा नाय. मिस्त्री बी बोलला, पोटली काढ. मी बोललो, ती सोडून दुसरं काय होत असंल तर सांग. कल्याणला नेली असती तर त्यांनी काढली असती. म्हणून नाय नेली."

"वेड्या, मग मला लिहावयाचे होतेस!"

"लिवलं व्हतं ना, श्वास लागतो म्हणून. आणखी कसा लिवू? तुमची पोटली वाईट, असा लिवू?" आणि मग, जगन, तो जे बोलला ते मी जसेच्या तसे लिहितो. "कंपनीचं सील तुटलं तर गाडीचं नुकसान व्हतं, मोठे बाबा. तुमचं तुटलं असतं तर बाबांचं. पूजेला तुमी आलात, त्या दिवशी बाबा जेवायला बसले नि भिताडाकडं तोंड करून रडले. मला परत तुमचा एक संशय त्यांच्यावर नको व्हता."

मग त्यानेच हात धरून मला गाडीतून उतरवले.

आता जे कोणी विचारले नाही ते सांगतो. पूजेतील पोटली गाडीत समोर, काचेपाशी बांधतात. मी ती बॉनेटखाली, दिसणार नाही अशी, का ठेवली? समोर ठेवली तर माझी पाठ वळताच जगन काढून फेकील, असे माझ्या मनात आले म्हणून. पूजा सांगत असताना, तोंडाने मंगल म्हणत असताना, माझ्या मनात हे चालले होते. मी गाडीच्या श्वासात जे कोंबले ती पोटली नव्हती, जगन. तो माझा संशय होता, आणि तुझा मुलगा इतके महिने तो मुकाट्याने चढणीवर ओढत राहिला.

शंखाविषयीही लिहिले पाहिजे. तो कोठे गेला हे मला आजही ठाऊक नाही. तू नेलास की नाही, हे मी विचारत नाही. या पत्राच्या उत्तरात ते लिहूही नकोस. तू नेला नाहीस असे सिद्ध झाल्यावर संशय सोडला, तर त्यात मी काय सोडले? मी तो आज, काहीही सिद्ध न होता, सोडला.

मनोज आज मुद्दाम आला आहे. हे पत्र त्याच्याच हाती देत आहे. येताना त्याने काळी पडलेली पोटली धुऊन, वाळवून, कागदात बांधून आणली होती. "कुठं ठेवू?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "तुझ्या बापाला विचार. तो सांगेल तेथे ठेव." म्हणून आता तू सांगावेस.

पौर्णिमेला म्हशाची जत्रा. पहाटेच्या पहिल्या फेरीला मी आणि मोठी आटगावला येतो. तुम्ही सर्वांनी आमच्यासोबत चलावे. निघण्यापूर्वी मी तुझ्या ओसरीवर बसेन. रविनाने तांब्याभर पाणी आणून ठेवावे. मी ते तुझ्याकडून मागून घेईन.

जो हे पत्र वाचेल, जो ऐकेल, आणि जो दाराआड उभा राहून ऐकत असेल, त्या सर्वांच्या घरात अन्न आणि मनात मोकळी हवा असो. तुम्हां सर्वांचे कल्याण असो.

तुझा दादा,
काळूराम