चौथ्या पाटीवरचा ढ

चि. ठकूस, ताईचे आशीर्वाद. आणि पत्र उघडल्या उघडल्या ऐक, सगळ्यांत आधी आल्या त्या चित्रकलेच्या बाई. एक चप्पल दारात काढलेली, दुसरी पायातच, कानाला फोन, आणि फोनवर कुणाला तरी सांगतायत की अहो, मी पोचले, पण घर चुकलेलं दिसतंय, इथे कुणी राहत नाहीसं वाटतं. मी समोर उभी! (त्यांचंही काही चुकलं नाही गं, घर असतंच तसं गप्प.) त्यांच्या मागून आले खेळाचे सर, गळ्यात शिट्टी, आणि ते येताना दाराला डोकं आपटून आले, कारण आपल्याकडची दारं त्यांच्या मापाची नाहीत. शेवटी गणिताचे गुरुजी. त्यांनी बाहेरूनच विचारलं, "आजी, आत येऊ का?" डोक्यावर एक काळा केस नाही आणि मला आजी म्हणतात! मी म्हटलं, या बाळ. ते लाजले.

पण थांब, रीतीचं राहिलंच. तुझा गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते मी विसरले, पण जो दुखत असेल त्याची मी मनापासून चौकशी केली आहे असं समज आणि जो दुखत नसेल त्याला जप. मी बरी आहे. डोळ्यांना लांबचं दिसत नाही, पण लांब बघण्यासारखं काही नाही म्हणून चालतं. थोरला दर रविवारी फोन करतो, "आई, काही हवंय का?" म्हणतो, मी "काही नको" म्हणते, तो "बरं" म्हणतो. मग आम्ही दोघंही फोन ठेवतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, माझ्याकडे राहून इथल्या शाळेत शिकवते हे तुला माहीत आहेच. पोर गुणी आहे. सकाळी जाते, संध्याकाळी येते, आणि आली की कानात बोळे घालून त्या यंत्रापुढे बसते. मी काही विचारलं की एक बोळा काढते, "काय गं?" म्हणते, आणि तेवढ्यात मी काय विचारणार होते ते मीच विसरते.

तर झालं काय, वरून हुकूम आला की आता सगळ्या शिक्षकांनी यंत्रावर शिकवायचं. शाळेत ते येतं एकट्या आपल्या नातीला, तेव्हा मोठ्या बाईंनी (म्हणजे मुख्याध्यापक बाईंनी) तिला सांगितलं, तूच बाकीच्यांना शिकव. आता बघ, शाळेत सगळ्यांत लहान ती, आणि शिकायला बसणार तिच्या काकांच्या वयाची माणसं! शिवाय यंत्रांच्या खोलीची किल्ली ज्या कारकुनाकडे तो रजेवर गेला, आणि किल्लीही त्याच्या खिशात बसून रजेवर गेली. मग ही म्हणाली, आमच्याकडे या, आजीच्या पुढच्या खोलीत एक अख्खी भिंत रिकामी आहे. भिंतच काय, सगळी खोलीच रिकामी आहे, पण ते ती म्हणाली नाही.

यंत्र कसं असतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक डबा असतो, तो भिंतीवर उजेड टाकतो आणि त्या उजेडात प्रश्न उमटतो. मुलांकडे काचेच्या पाट्या. पाटीवर उत्तरं येतात, बरोबर वाटेल त्याच्यावर बोट टेकायचं. बरोबर आलं तर भिंतीवर त्या मुलाचा आकडा हिरवा होतो, चुकलं तर लाल. एका शिक्षकाच्या धड्यात सगळे आकडे हिरवे झाले की तो शिक्षक पास. एक जरी लाल राहिला तरी त्याने पुन्हा यायचं. पाट्या होत्या चार. शिक्षक होते तीन. मुलं मात्र एकही नाही, कारण शाळा सुटल्यावर मुलं कशाला येतायत? तेव्हा नात माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आजी, तूच वर्ग हो."

ठकू, तुला आठवतं ना, तिसरीत माझं दप्तर खुंटीला लागलं ते कायमचं? आणि आता मला एकदम अख्खा वर्ग व्हायला सांगितलं! मी पदर खोचला, इस्त्रीचं टेबल पुढे ओढलं, त्यावर चारही पाट्या ओळीने मांडल्या आणि हाताची घडी घालून बसले. खेळाच्या सरांनी शिट्टी मारली, चित्रकलेच्या बाईंनी आधी ओल्या फडक्याने पाट्या पुसल्या (नात किंचाळली), आणि गुरुजी मला म्हणाले, "मागचे बाक, शांतता!" मागे कपाट होतं.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की चार पाट्यांवर एकसारखं बोट टेकण्यात मजा नाही. वर्गात चार जण असतील तर चार तऱ्हेची असणार. म्हणून पहिल्या पाटीवरचा मी शहाणा केला, प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा. दुसरी पाटी पहिल्याचं बघून लिहिणारी. तिसऱ्याला येतं सगळं, पण त्याला सारखं बाहेर जायचं असतं. (त्याच्या नावाने मी दोनदा जाऊन आले.) आणि चौथा बिचारा मंद. चौथ्याचं पहिलं चुकलं ते खरंच माझ्या बोटाने चुकलं, देवाशपथ, पाटी कडेला होती. भिंतीवर चार नंबर लाल झाला. नातीचं तोंड पडलं आणि चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे उद्या परत यावं लागणार."

उद्या परत! मी त्या दिवशी कप विसळताना गाणं म्हटलं. कपही किती दिवसांनी बाहेर आलेले, एकाच्या तळाला कोळ्याने घर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोट पुन्हा चुकलं. या वेळी देवाला मध्ये घेत नाही.

पुढे ते रोजचंच झालं. चित्रकलेच्या बाई लवकर पास झाल्या, कारण लाल आणि पिवळा मिळून कोणता रंग होतो हे चौथ्यालासुद्धा येत नाही असं दाखवायला मला लाज वाटली. खेळाचे सर पास झाले, कारण ते प्रश्न विचारताना शिट्टी मारायचे आणि मी दचकून बरोबर बोट टेकायची. पण गुरुजींना एकटं सोडायचं नाही म्हणून दोघंही यायचे. बाई माझ्या भिंतीकडे बघून हिला कोणता रंग द्यावा ते सांगायच्या, सर सगळे दिवे तपासायचे, न पेटणारा एक त्यांनी पेटवला. घरात एकाच वेळी तिघं-चौघं बोलत असली की कसा आवाज होतो ते मी विसरले होते. शेजारीण खिडकीतून विचारायला आली, "काय, कुणी गेलं का?" तिला दुसरं कारणच सुचेना. मी म्हटलं, "नाही बाई, शाळा भरलीय."

राहता राहिले गुरुजी आणि चौथा. गुरुजींचा धडा होता अर्धा मोठा की पाव मोठा. पहिले तिघं चटकन हिरवे. चौथा म्हणायचा पाव मोठा, कारण पावात चार असतात आणि अर्ध्यात दोन. गुरुजींनी पाटीवर चित्रं आणली, ती उलटी आली. डब्याच्या उजेडात उभे राहिले, तर अर्धा भाग त्यांच्या पाठीवर उमटला. मग रागावून त्यांनी खिशातून खडू काढला आणि प्रकाशातल्या आकड्यांशेजारी माझ्या भिंतीवरच गणित सोडवलं! नात "गुरुजी, गुरुजी!" करत धावली. डबा बंद झाल्यावर यंत्राचं सगळं गेलं, गुरुजींचं तेवढं राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा नवा साबण चार तुकड्यांत कापला. तिसऱ्या खेपेला पलंगपोस मागून घेतला आणि खेळाच्या सरांनी एक टोक, त्यांनी एक टोक धरून अर्ध्याची घडी, पावाची घडी करून दाखवली. पहिला, दुसरी, तिसरा बघत होते. चौथ्याने पुन्हा पावावर बोट टेकलं. नातीच्या यंत्रात आपोआप उमटलं की चौथ्यास जादा तासाची गरज आहे. मी म्हटलं, किती शहाणं यंत्र!

गंमत म्हणजे ती शिक्षकमंडळी चौथ्यासाठी खरोखर जीव टाकायला लागली. चारही पाट्यांमागे मी एकटीच बसलेय हे काय त्यांना दिसत नव्हतं? पण शिक्षकाची जात, लाल आकडा दिसला की त्यांना राहवत नाही. बाई म्हणाल्या, "त्याला चष्मा लागला असेल." सर म्हणाले, "त्याला पळवलं पाहिजे रोज." गुरुजी जाताना चौथ्या पाटीवर हात फिरवून गेले.

मग नातीने स्वयंपाकघरात मला सांगितलं. दोन्ही बोळे काढून सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं काहीतरी आहे. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, या शुक्रवारपर्यंत गुरुजी पास झाले नाहीत तर त्यांचा वर्ग काढून दुसऱ्याला देणार आणि त्यांना सामानाच्या खोलीत मोजदादीला बसवणार. जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस, ठकू! मी ठरवलं, उद्या चौथा हिरवा. अगदी पक्कं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सगळी आली, प्रश्न उमटला, तिघं हिरवे झाले, मी बोट उचललं, आणि चित्रकलेच्या बाई कुणाला तरी फोनवर म्हणाल्या, "आज गुरुजी पास होतायत, उद्यापासून घरी वेळेवर." झालं. बोट गेलं पावावर. मला माझाच राग आला, पण बोट काही परत घेता येत नाही, ते यंत्र लगेच लाल होतं.

शुक्रवारी गुरुजी आले ते काही न आणता आले. ना साबण ना चादर. डबा त्यांनी लावलाच नाही. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले, टेबलाच्या याच बाजूला, चौथ्या पाटीपुढे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पाटीकडे बघून म्हणाले, "माझ्या वर्गात असतो दर वर्षी एखादा असा. त्याला सगळं येत असतं. पण आलं म्हटलं की मी त्याला सोडून पुढच्या मुलाकडे जाणार, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून येत नाही म्हणतो."

मी म्हटलं, "मग तुम्ही काय करता?"

"बसतो थोडा वेळ. गणित सोडून दुसरं काहीतरी बोलतो."

आणि खरंच बसले गं. त्यांनी मला विचारलं की मी एकटी असते तेव्हा दुपारी काय करते. मी म्हटलं, कपाट आवरते. आवरून झाल्यावर? मी म्हटलं, परत बाहेर काढते. ते हसले नाहीत. म्हणाले, त्यांची मंडळी गेल्यापासून तेही शाळा सुटल्यावर तासभर फळा पुसत बसतात. मग त्यांनी खेळाच्या सरांना डबा लावायची खूण केली. प्रश्न उमटला. पहिला हिरवा, दुसरी हिरवी, तिसरा हिरवा. मी चौथी पाटी जवळ ओढली आणि अर्ध्यावर बोट टेकलं.

ठकू, त्या यंत्रातून टाळ्या आल्या! भिंतीवर रंगीत कागदांचा पाऊस पडला! खेळाच्या सरांनी इतक्या जोरात शिट्टी मारली की शेजारीण पुन्हा खिडकीत. बाईंनी नातीला मिठी मारली, नातीने मला, आणि गुरुजी उभे राहून चौथ्या पाटीला "शाब्बास" म्हणाले. मग सगळ्यांनी मिळून सामान भरलं. चार पाट्या आणि एक डबा पिशवीत घालायला काहीच वेळ लागत नाही, हे मला पूर्वी माहीत नव्हतं.

गुरुजींचा वर्ग राहिला. नातीचं नाव झालं, आता तिला दुसऱ्या एका शाळेतल्या शिक्षकांना शिकवायला बोलावलंय, त्यांची खोली आहे आणि खोलीची किल्लीही आहे. ती दमून येते. मी तिला काही विचारत नाही, बोळे राहू दे म्हणते. खुर्च्या मी अजून उचललेल्या नाहीत, झाडायला अडचण होते, पण झाडायला तरी वेळ जातो. एकूण मजेत आहे. इतकी मजा बऱ्याच वर्षांत केली नव्हती, म्हणून तुला कळवावंसं वाटलं, दुसरं काही नाही. घरातल्या मोठ्यांना माझा नमस्कार आणि लहानांचा एकेक गालगुच्चा तू माझ्या वतीने घे.

तुझी,
ताई

ता. क. दुसरं काही नाही म्हटलं ते खोटं आहे. तुझ्याकडे जुना फोन पडलेला असेल तर आण. नात म्हणते, फोनचीही पाटी होते. वर्गात एक नवीन मुलगी घालावी असा विचार आहे. चौथा सुधारला, आता कुणीतरी नव्याने अडलेलं हवं.

ता. क. दुसरा. वर "आण" लिहिलंय, "पाठव" नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. फोन नसला तरी चालेल. गुडघ्याला झेपेल अशी गाडी बघ. नवीन मुलगी तूच हो, तुला गणित तसंही येत नव्हतं.

ता. क. तिसरा. निघताना दारात तिघंही म्हणाली, चौथ्याची उजळणी घ्यायला येऊ. बुधवारी येतो म्हणाले. मी कप धुऊन ठेवले आहेत. कुठला बुधवार, ते तेवढं विचारायचं राहिलं.