आरोहीचा डावा हात

आखाडा बाळापूर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. आरोहीस,
अ. उ. आशीर्वाद वि. वि.

फोनवरचं बोलणं संपून जातं, पत्र मात्र डायलिसिसच्या मशीनवर चार तास पुरतं, असं तू म्हणतेस म्हणून लिहितेय. नाहीतर आरोग्य केंद्रात नर्सबाई म्हणून दिवसभर रजिस्टरं भरून माझी बोटं वळत नाहीत.

आज डोकं फिरलंय. बाजारात बांगड्या भरणारी खतीजाबी तुला आठवत असेल. तीन वर्षांपूर्वी तिनं नवऱ्याला, खाजा मियांना, स्वतःची किडनी दिली. त्यांच्या गोळ्या ती घड्याळ बघून देते. आता कुणी भोंदू त्यांना पुडी देऊन गेला, म्हणे गोळ्या सोडा, किडनी आपली आपण चालंल. खतीजाबीनं ती पुडी आणून माझ्या टेबलावर ठेवली. त्या माणसाची तर किळसच आली. आमच्या केंद्रातलेही शहाणेच! परवा एका नव्या पोरीनं डायलिसिसच्या पेशंटच्या फिस्टुलाच्या हातालाच बीपीचा पट्टा गुंडाळला. ओरडले तर म्हणते, हात तो हातच की.

म्हणून पुन्हा सांगते. तुझ्या डाव्या मनगटावर शिरा जोडून केलेला तो फिस्टुला म्हणजे तुझा जीव आहे. एप्रिलमध्ये आईची किडनी बसेपर्यंत त्यातूनच रक्त मशीनला जाणार. त्या हाताला पट्टा नको, सुई नको, ओझं नको, बांगडी नको. रोज सकाळी बोट ठेवून आतली थरथर बघायची, दाब पडला की ती थांबते. तुझ्या सासूबाईंना, सोजरामावशींना, हे कितपत कळतं देव जाणे. बघायला आल्या होत्या तेव्हा तुला बैलासारखी चालवून पाहिली होती, ते मी विसरलेले नाही.

आपल्या भावाच्या, हरीशच्या, लग्नाला मला एकाच दिवसाची रजा मिळालीय. हळदीला तुम्हीच नाचा. हट्टी आहेस तशीच राहा, फक्त पाणी पिण्याच्या बाबतीत नको. माझी माया तुझ्यापाशी आहेच.

तुझी ताई,
शिवकन्या

हिंगोली, मशीनवरून,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचतेय, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनाही अर्धं पाठ झालंय.

सासूबाईंवरचा तुझा राग काही जात नाही! अगं, त्या माझं पाणी स्टीलच्या पेल्यानं मोजून देतात आणि रोज सकाळी माझं मनगट कानाला लावतात. आत पिठाची गिरणी चालू हाय, चालू हाय तवर भ्याव न्हाई, असं म्हणतात आणि मगच चुलीकडे जातात.

मला तकलीफ आहे ती दुसऱ्यांची. परवा सेनगावच्या जीपमध्ये एका बाईनं माझा रिकामा हात पाहून हळूच विचारलं, मालक कधी गेले म्हणून. मालक शेजारीच बसून शेंगा खात होते! हे हसले. मला मात्र घरी येईपर्यंत हात पदराखाली ठेवावासा वाटला.

हळदीच्या आदल्या दिवशी मी माहेरी डोंगरकड्याला जाईन. तू लग्नाला वेळेवर ये. रागव, पण विसरू नको.

तुझी लाडकी,
आरोही

आखाडा बाळापूर,
१ मार्च २०२५

चि. सौ. आरोहीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या यजमानांनी, वैजनाथरावांनी, कळवलं. फिस्टुला बंद पडला, नांदेडला दोनदा प्रयत्न करूनही आतली रक्ताची गाठ निघाली नाही, मशीनसाठी मानेत नळी घातली आणि आता तापही आहे. ताप असेपर्यंत किडनी बसवायची नाही, म्हणजे एप्रिलची तारीख गेली.

आणि हे सगळं कशापायी, तर डझनभर हिरव्या बांगड्यांपायी! सासरहून हात भरून पाठवलं तुला. मी सोजरामावशींना फोनवर स्पष्ट सांगितलं की तुम्हाला सुनेच्या जिवाहून चुडा मोठा वाटला, तुमच्या घरचं पाणीसुद्धा मी पिणार नाही. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलणार तरी काय? असल्या माणसांची मला शिसारी येते. दोन दिवस झाले, अन्नावर वासना नाही.

तू धीर सोडू नकोस. मी रविवारी येतेच. तोवर माझा जीव तुझ्यापाशी ठेव.

ताई

नांदेड,
६ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न.

तू रविवारी आलीस तेव्हा सगळे भोवती होते, बोलता आलं नाही. उजवा हात अजून माझा आहे, म्हणून लिहिते.

सासूबाईंनी माझा हात रिकामाच पाठवला होता. बांगड्या आईनं भरल्या. हळदीला खतीजाबी आल्या, त्यांनी माझं डावं मनगट धरलं आणि लगेच सोडलं. हमारे मियाँ का हात बी ऐसाच था, इसमें चूडी नक्को, म्हणाल्या. आईनं हसून त्यांना बाजूला केलं, साबणाचं पाणी लावलं आणि एकेक बांगडी स्वतः चढवली. मांडवात लेकीचा हात भुंडा दिसला तर लोकं जावयाबद्दल अभद्र बोलतील, दोन दिसांनी काय व्हतंय, असं तिचं म्हणणं. जी मला स्वतःची किडनी द्यायला निघालीय, तिला नाही कशी म्हणू? आणि खरं सांगू, मलाही हात भरून हवा होता.

लग्नानंतर घरी गेले तर सासूबाईंनी मनगट कानाला लावलं. आत काहीच नव्हतं. हे दारातच उभे होते. नवरा समोर उभा असताना बायकोच्या बांगड्या फोडायच्या, आणि त्याही त्याच्या आईनं! सासूबाईंनी खलातला बत्ता घेतला आणि सगळ्या फोडल्या. काच त्यांच्याच बोटात घुसली, पण थांबल्या नाहीत. शेजारणी देवाचं नाव घेत निघून गेल्या. गावात अजून त्यांच्याशी कोणी धड बोलत नाही.

तुझ्या फोनवर त्या गप्प राहिल्या, कारण आईचं नाव घेतलं असतं तर भांडण पेटलं असतं आणि रागाच्या भरात आई किडनीला नाही म्हणाली असती, अशी त्यांना धास्ती.

एकच विचारते, ताई. लग्नाच्या पंगतीत तू माझ्या डाव्या अंगालाच बसली होतीस ना?

तुझी,
आरोही

आखाडा बाळापूर,
९ मार्च २०२५

ती. सोजरामावशी यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल आईला सगळं सांगितलं. आधी ती तुमच्यावरच उखडली, म्हणजे तुमची धास्ती खरी होती. तरीही किडनी ती देणारच आहे. ताप उतरला की डॉक्टर नवी तारीख देतील.

मी केंद्रात येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना नाकं मुरडत आले. पुडीवाल्या भोंदूची किळस, पट्टा गुंडाळणाऱ्या पोरीची किळस, तुमची तर सगळ्यात जास्त. आता आरशात पाहिलं तरी तीच येते.

हे पत्र आरोही तुम्हाला वाचून दाखवेल. पुढचं तिनं मायेपोटी गाळू नये. मावशी, तो भरलेला हात मी पंगतीत पाहिला होता. त्यानं काय होतं ते त्या मांडवात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण कितीतरी महिन्यांनी माझी बहीण सवाशीण दिसत होती. मला बरं वाटलं, आणि मी जेवत राहिले.

लोभ मागायचं तोंड मला नाही. थोडा उरला असेल तर राहू द्यावा.

आपली,
शिवकन्या