भुशातला हिमालय

१५ सप्टेंबर २००३

चित्रकलेच्या तासाला हिमालय काढायला सांगितला. वीसच्या वीस चित्रांत बर्फावर भुसा! तपकिरी खडू घासघासून. रामीने तर शिखराला गोणपाट गुंडाळलंय. विचारलं तर म्हणे, "बाई, तुमीच नाय का सांगितला?"

सांगितलं खरं, गेल्या वर्षी. पोरांनी विचारलं, बाई, तुम्ही हिमालय पाहिला का? मी फटकन हो म्हणून बसले. वर तिखटमीठ — बर्फ हातात घेतला, भुसा झाडला! जन्मात बर्फ पाहिला तो जव्हारच्या बाजारात, गोळेवाल्याकडचा. भुशात पुरलेली लादी. मला वाटलं, बर्फ म्हटला की भुसा आलाच. शिक्षिका म्हणे!

१६ सप्टेंबर

आज खरं सांगायचंच, असं ठरवून शाळेच्या गावाची, साखरशेतची गाडी पकडली. नाही सांगितलं. गंगा शिकवली. तीही पाहिलेली नाही.

२९ सप्टेंबर

पाचवीचे नीलेशसर सुट्टीत शिक्षकांची सहल काढतायत. मनाली, रोहतांग. त्यांचं बोलणं संपायच्या आत नाव दिलं. घरी मागाहून सांगितलं. हे म्हणाले, दिवाळी कोण करणार? म्हटलं, तुम्ही.

एकदा डोळ्यांनी पाहिला की झालं. खोटं आपोआप खरं होईल, कुणाला काही सांगायला नको.

९ ऑक्टोबर

झोप नाही. चित्त थाऱ्यावर नाही. भाजीत दोनदा मीठ!

१८ ऑक्टोबर

सहामाही संपली. निघताना सोमी थांबली — रामीची आई, शाळेत खिचडी शिजवते. शिंदीच्या पानांचा नवा कुंचा हातात दिला. सहलीचं कळल्यावर रात्री बसून बांधला म्हणे.

"बर्फ धुवू नका, इरघळल. ह्याने भुसा झाडा."

मान वर करवेना. कुंचा पिशवीत टाकला नि एसटीत बसले.

३० ऑक्टोबर, मनाली

रोहतांगला जाऊन आलो. बर्फ! तांदळाच्या पिठासारखा, भुसभुशीत. कणभर भुसा नाही. सगळे फोटो काढत होते. मी पिशवीतला कुंचा घट्ट धरून उभी. रडायलाच आलं. नीलेशसरांना वाटलं, थंडी सोसत नाही.

१७ नोव्हेंबर

सांगितलं. भुसा नसतो. आणि तेव्हा मी गेलेच नव्हते, खोटं बोलले.

मग रामी उठली आणि तिने भिंतीवरच्या अजंठ्याच्या चित्राकडे बोट केलं. "मंग ही लेणी तरी हायेत ना, बाई?"

आहेत, पण मी पाहिली नाहीत. ताजमहाल? नाही. कन्याकुमारी? नाही. ती नकाशावर बोट फिरवत गेली आणि मी नाही, नाही म्हणत राहिले.

सोमी पळी घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

"आमी बी नाय पाह्यला, तुमी बी नाय," ती म्हणाली. "मंग कदी जायचा?"