सोळा पोस्टकार्डं

सदाशिव पेठ, पुणे
१८ नोव्हेंबर २००४

चि. महिपतीस अनेक आशीर्वाद.

महिनाभर तुझं पत्र नाही, तेव्हा अकोल्यात तू मजेत असणार असं मी धरून चालले आहे. फोनवर तू हुंकाराशिवाय काही देत नाहीस, म्हणून हा कागद खर्ची घातला.

आमची पूर्वा दिवसभर हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसते आणि घरी येऊन पुन्हा त्याच्याचपुढे बसते. तिने आणि तिच्या कंपनीतल्या मित्रमैत्रिणींनी नवं खूळ काढलंय. विसरलेल्या, आपटलेल्या मराठी मालिकांची वेबसाइट! लोकांना चाललेल्या मालिका आठवत नाहीत आणि ह्यांना पडलेल्या हव्यात. यादीत मामाची 'गच्चीवरचे भाडेकरू' हवीच म्हणून हटून बसली आहे. तेरापैकी चार भागांत बंद पडली म्हणजे तिच्या दृष्टीने तू मोठाच माणूस.

तुमच्या निर्मात्याच्या ऑफिसातले कारकून बद्रीनाथ आता मांजरीला राहतात. त्यांच्याकडे प्रेक्षकांच्या पोस्टकार्डांचा एक गठ्ठा अजून आहे म्हणे. पुढच्या रविवारी ती आणायला जाणार आहे.

दुसरं म्हणजे, अभयच्या नीरजाचं लग्न १९ डिसेंबरला आहे. तुझी पत्रिका त्याने माझ्याकडेच दिली. तुझा पत्ता विचारायचा त्याला धीर झाला नाही. आठ वर्षं झाली, आता तरी ये. जीव लावत असशील तर लगेच उत्तर पाठव, नसलास तरी पाठव.

तुझी वासंतीताई


अकोला
२४ नोव्हेंबर २००४

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

पूर्वाला म्हणावं, नसते उद्योग करू नकोस. जखमेवरची खपली काढून तिला काय मिळणार आहे?

आणि लग्नाचं नाव माझ्याजवळ काढू नकोस. तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. पाचवा भाग ज्या दिवशी होता, त्या दिवशी क्रिकेटची मॅच लांबली आणि भाग दाखवलाच नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोच भाग किती सुंदर झाला असं लिहिलेली कार्डं हजर! निर्मात्याने सगळ्यांसमोर गठ्ठा टेबलावर आपटला आणि मला विचारलं की स्वतःचं कौतुक स्वतःच लिहून पाठवतोस का. आधीच्या चार आठवड्यांची कार्डं त्याने मोठ्या तोऱ्यात वाहिनीला पाठवली होती. आता तीही खोटीच ठरणार. मी गठ्ठ्याला हातही लावला नाही, शरमेने मान वर होईना. अभयने दोन कार्डं उचलून वाचली, परत गठ्ठ्यावर ठेवली आणि म्हणाला, ही मीच लिहिली.

दिग्दर्शक तो, शाळेपासूनचा दोस्त तो, आणि माझ्या पहिल्या लिखाणाची माती त्याने केली. मालिका तिथेच बंद झाली आणि लोक मलाही त्यात सामील धरून बसले. त्यानंतर मी एक ओळ लिहिली नाही, इथे पोरांना कॉम्प्युटर शिकवतो आहे. बाबांनी तर मालिकेचा एक भाग धड पाहिला नव्हता, पेपर तोंडापुढे धरून बसायचे. म्हणजे वैरी घरात एक आणि दारात एक.

नीरजाला आशीर्वाद कळव. बापाला काही नाही. तुझा लोभ आहे तो टिकव, एवढीच विनंती.

तुझा महिपती


सदाशिव पेठ, पुणे
२९ नोव्हेंबर २००४

चि. महिपतीस आशीर्वाद.

अरे देवा, कुठून सुरुवात करू? आधी खाली बस आणि मग वाच.

पूर्वाने काल गठ्ठा आणून माझ्या मांडीवर ठेवला. सोळा कार्डं, सोळा नावं, आणि अक्षर एकच. महिपती, अक्षर बाबांचं आहे! मी ओरडलेच. पोरीला वाटलं, आईला काहीतरी झालं. चष्मा पुसून तीनदा पाहिलं. चाळीस वर्षं फळ्यावर जे अक्षर उमटलं, ते लपवायचं त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. नावं तेवढी बदलली.

कुणा शालनबाईंना म्हातारा भाडेकरू सामान बांधतो तेव्हा रडू आलं म्हणे. कुणा पोपटरावांचं म्हणणं, या लेखकाला माणसं कळतात. दुर्गाबाईंना तर पुढचा भाग कधी येतो असं होतं. तुझ्या खणातले कागद ते चोरून वाचत असणार, नाहीतर न दाखवलेला भाग त्यांना कुठून कळला? आणि तोंडावर तुला कधी 'बरं आहे' एवढंही म्हणाले नाहीत रे! तुला तर माहीतच आहे, टपाल वेळेत पोचलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट. भाग रात्रीचा, पण कार्डं सकाळीच पेटीत टाकायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी टेबलावर. रात्री मॅच लांबली तेव्हा कार्डं पेटीतून कधीच निघून गेली होती.

इथवर मी रडत होते. पुढचं ऐकून रडणं थांबलं. बद्रीनाथांनी पूर्वाला सांगितलं की त्याच आठवड्यात एक छत्रीवाले वृद्ध गृहस्थ ऑफिसात आले होते. कार्डं चुकून गेली, परत द्या म्हणत होते. साहेबांची परवानगी नाही म्हणून बद्रीनाथांनी दिली नाहीत. म्हणजे बाबांना सगळं कळलं होतं. तू त्यांच्यासमोर अभयला शिव्या घालायचास, तेव्हा ते पेपरची घडी करून आंघोळीला उठायचे. जाईपर्यंत पाच वर्षं गप्प! भिंतीवरचा फोटो उतरवावासा वाटला. उतरवला नाही, पण आज हार बदलला नाही.

तशीच अभयकडे गेले. आधी उडवाउडवी केली, मग कबूल झाला. म्हणाला, सरांनी हाताला धरून गिरवायला शिकवलं, ते अक्षर मी ओळखणार नाही का? त्यांचं नाव चारचौघांत कसं काढायचं, म्हणून स्वतःचं काढलं. त्यानंतर त्याला कुणी मालिका दिली नाही. लग्नांचं शूटिंग करतो आहे. तुला सांगू नका म्हणून माझ्याकडून वचन मागत होता. मी दिलं नाही.

आता काय करायचं ते तू ठरव.

तुझीच ताई


अकोला
३ डिसेंबर २००४

प्रिय अभय,
स. न. वि. वि.

ताईचं पत्र आलं. दोन दिवस क्लासला सुट्टी दिली. तुला पत्र लिहायला बसलो तर नमस्काराच्या पुढे हात सरकेना. मालिका लिहिणारा माणूस मी!

बाबांचा राग येतो, आणि पोपटरावांचं वाक्य ताईने लिहून पाठवलं ते दिवसातून दहा वेळा काढून वाचतो. दोन्ही खरं आहे, काय करू? पण तुझं काय करू ते मुळीच सुचत नाही. लक्ष्मी रोडवर तू समोरून आलास तेव्हा मी रस्ता ओलांडून गेलो होतो. तुझ्या आईच्या तेराव्याला आलो नाही. ज्याच्या त्याच्यापाशी तुला विश्वासघातकी म्हटलं. माफी मागायची मला लाज वाटते, तरी मागतो. लग्नाला येऊ का, ते तू सांगितलंस तरच येईन.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेला,
महिपती


विश्रांतवाडी, पुणे
८ डिसेंबर २००४

प्रिय महिपती,
स. न. वि. वि.

वासंतीताईंच्या पोटात काही राहत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

सरांचं म्हणशील तर त्यांच्यासाठी जे केलं ते माझ्या मर्जीने केलं, त्याचं ओझं तुझ्यावर नाही. ते एकदा माझ्या दारापर्यंत आले होते. बेल न वाजवता परत गेले, मी खिडकीतून पाहिलं. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलेल्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे मला कळतं.

तुझं मात्र कळलं नाही. ऑफिसात मी खोटं बोललो ते निर्मात्याने खरं मानलं, ठीक आहे, तो कोण माझा? पण तूही त्याच क्षणी मानलंस. बाकावर शेजारी बसलेला माणूस तू. आठ वर्षांत एकदा येऊन एवढंच म्हणायचं होतंस, की अभ्या, हे तू करणार नाहीस, खरं काय ते सांग. मी सांगितलं असतं. वाट पाहत होतो रे. पहिली दोन वर्षं तर रोज पाहिली.

तेव्हा माफीची घाई करू नकोस, माझी अजून तयारी नाही. लग्नाला मात्र ये. आदल्या दिवशी सकाळीच ये, पाहुण्यांच्या उतरण्याची व्यवस्था बघायला घरचं कुणी नाही.

लोभ होता तो आहेच, तो मागायची गरज नाही. राग आहे, तो सोबत बसून काढावा लागेल.

तुझा
अभय